पिवळा कॅमेरा, तीस जागा

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीजेला बहीण आली, सोबत भाचा. तो दोन वर्षं जपानात होता. जेवणं व्हायच्या आधीच त्यानं पिशवीतून एक जांभळा गेम बॉय काढला, हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं जुनं यंत्र. त्याच्या डोक्यात एक पिवळा डोळा खोचलेला. "मामाजी, तुमच्या स्टुडिओत ठेवा. तिकडे जुन्या सामानाच्या दुकानात भेटला."

गेम बॉय कॅमेरा. जपानात हा 'पॉकेट कॅमेरा' नावानं २१ फेब्रुवारी १९९८ ला बाजारात आला. त्या साली मी साकोलीच्या एका स्टुडिओत रोल भरायला आणि लग्नात फ्लॅश धरायला शिकत होतो.

डोळा गोटीसारखा फिरतो, पुढे नाहीतर स्वतःकडे. फोटो १२८ ठिपके रुंद, ११२ ठिपके उंच. छटा चार: पांढरी, फिकी राखाडी, गडद राखाडी, काळी. एकूण ठिपके १४,३३६. माझा लग्नाचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. भाच्यानं मोबाईलवर भागाकार केला आणि म्हणाला, "तुमच्या एका फोटोत याचे सोळाशेच्या वर बसतात." मी हसेन असं त्याला वाटलं असावं. मी स्क्रीनमध्ये बहिणीकडे पाहत होतो. नाक नव्हतं, कुंकू नव्हतं. ताट होतं, दिव्याचा एक पांढरा ठिपका होता, आणि तिची मान लहानपणापासून जशी डावीकडे कलते तशी कललेली होती.

यात तीस फोटो मावतात. धानाचा हंगाम संपेपर्यंत तीसही जागा भरायच्या आणि जानेवारीत गावच्या पटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, दिवशी छापून लावायच्या. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी लग्नाचे अल्बम द्या लोकांचे."

५ नोव्हेंबर

मेन्यू जपानीत. पहिलं काढायचं, दुसरं पाहायचं, तिसरं खेळायचं, एवढं पाठ केलं.

सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेलो. कापणी सुरू आहे. बाया ओळीनं वाकलेल्या, मागे कडपांच्या रांगा. असा फोटो मी शंभरदा काढला असेल. पिवळ्या डोळ्यातून पाहिलं तर नुसती मळकी गोधडी. धान राखाडी, माती राखाडी, बाया राखाडी. पिकलेलं धान आणि ओली माती यांच्यात आपल्याला जो फरक दिसतो त्यात रंगाचा वाटा मोठा असतो. रंग काढून घेतला की या डोळ्याला दोन्ही जवळपास एकच.

चौदा काढले, तेरा पुसले. उरला तो धुऱ्यावर ठेवलेल्या पाण्याच्या कळशीचा, मागे मोकळं आभाळ. कोणालाही दाखवा, कळशी म्हणून ओळखतो.

९ नोव्हेंबर

चार दिवस सकाळी सात ते आठ आणि दुपारी चारनंतर, एवढाच वेळ बाहेर. मधल्या उन्हात काही हाती लागत नाही. तिरप्या उन्हात पुंजण्याची, म्हणजे कापून रचलेल्या धानाच्या ढिगाची, एक बाजू पांढरी, दुसरी काळी, आणि तणसाच्या टोकांना किनार. ही किनार थोडी कॅमेऱ्याचीही करणी आहे. आतली चिप मित्सुबिशीची, आणि वस्तूची कड उठवून दाखवायचं काम ती स्वतःच करते. आपल्या डोळ्यातला पडदाही असंच करतो म्हणून तिला कृत्रिम पडदा म्हणत.

छटा चारच, पण मधल्या छटांचा आभास ठिपक्यांच्या जाळीतून येतो. लांबून राखाडी, जवळून चटई. दिशेच्या बटणांनी उठाव वाढवला की जाळी जाते आणि नुसता काळा-पांढरा छापा उरतो, भिंतीवर स्टेन्सिल मारल्यासारखा. कमी केला की सगळीकडे चटई. मी आभाळात जाळी ठेवतो आणि वस्तू काळी करतो. उलट करून पाहिलं, वस्तू हलकी होते.

आभाळ मागे घ्यायचं तर खाली पडावं लागतं. आज बांधीत उताणा पडून पुंजणं धरत होतो तर शेजारचे काकाजी धावत आले. "भाऊ, चक्कर आली का जी?" त्यांना स्क्रीन दाखवली. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे तर माझंच पुंजणं होय." कशावरून, विचारलं. "डोक्यावरची पेंढी वाकडी हाय ना. पोट्ट्यानं ठेवली."

१३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागायला सुरुवात. दोन साखरपुडे, एक मांडव. पिवळा डोळा खिशातच.

१६ नोव्हेंबर

तीसही जागा रिकाम्या.

काल रात्री एकोणीस फोटो होते. सकाळी चालू केला तर कोरी पाटी. भाच्याला फोन केला तर शांतपणे म्हणाला, "मामाजी, सांगितलं होतं ना, आतला सेल बदला." सांगितलं होतं, खरं आहे. गेम बॉय पेन्सिल सेलवर चालतो, पण फोटो ज्या मेमरीत राहतात ती जिवंत ठेवायला कॅमेऱ्याच्या डबीत वेगळा बटण सेल असतो. तो संपला की फोटो संपले. सेल मूळचाच असेल तर पंचविशी ओलांडलेला.

२००३ साली एका लग्नाचा रोल मी न गुंडाळता कॅमेऱ्याचं झाकण उघडलं होतं. पोटात तेव्हा जो गोळा आला तोच आज आला, फक्त या वेळी माफी मागायला कोणी नव्हतं. कळशीचा फोटो गेला. पुंजण्याचाही गेला, आणि ते पुंजणं परवाच मळून झालं.

२० नोव्हेंबर

आज विधानसभेचं मतदान, दुकान बंद. बोटाला शाई लावून थेट मोबाईल रिपेअरवाल्याच्या घरी.

डबीचा स्क्रू आपल्याकडच्या कोणत्याही पान्याला दाद देत नाही. त्याचं डोकं बाहेर आलेलं, गोल, कडेनं खाचा. खास पाना लागतो. रिपेअरवाल्यानं एका बॉलपेनाची कांडी काढून घेतली, नळीचं टोक लायटरवर मऊ केलं आणि स्क्रूवर दाबून धरलं. थंड झाल्यावर नळीच्या तोंडात खाचांचा साचा तयार. हलक्या हातानं फिरवलं, सुटला. जुना सेल मीटरवर दोन व्होल्टसुद्धा दाखवेना, हवेत तीन. पट्ट्या सेलला चिकटवलेल्या होत्या. त्यानं पट्ट्यांसकट नवा सेल शोधला आणि डाग देऊन बसवला. पैसे घेतले नाहीत, स्वतःचा फोटो काढून मागितला. चष्मा आणि टक्कल एवढं आलं. खूश झाला.

२४ नोव्हेंबर

सेलवर आता विश्वास नाही. फोटो बाहेर काढून ठेवायची सोय पाहिजे.

या कॅमेऱ्याला मेमरी कार्ड नाही, तारेनं कॉम्प्युटरला जोडायची सोय नाही. त्या काळी गेम बॉयचा स्वतःचा छोटा प्रिंटर मिळायचा, फोटो बाहेर पडायचा तो त्यातूनच. पुतण्या पॉलिटेक्निकला आहे. तो म्हणाला, मग आपणच प्रिंटर होऊ. गेम बॉयच्या जोडकेबलचं एक टोक कापलं, आतल्या तारांचे रंग काही सांगत नाहीत म्हणून मीटर लावून एकेक शोधली, आणि आर्डुइनो नॅनो या छोट्या सर्किट बोर्डाला जोडली. कॅमेरा विचारतो, प्रिंटर आहेस का? नॅनो उत्तर देतो, आहे, पाठव. प्रत्येक निरोपाची सुरुवात ८८ आणि ३३ या दोन आकड्यांनी. तेवढे ओळखले की पुढचा माल ६४० बाइटच्या गाठोड्यांत येतो. नऊ गाठोडी म्हणजे चौकटीसकट एक फोटो.

दुपारी दोनला बसलो, रात्री अकराला पहिला फोटो लॅपटॉपवर. मधले सहा तास मी दोन तारा उलट्या जोडल्यामुळे गेले. पुतण्या काही बोलला नाही, फक्त "काका, चहा घ्या" म्हणाला.

चौकट कापून उरतो तो फोटो ३,५८४ बाइटचा. माझ्या लग्नाच्या एका फोटोत असे हजारो बसतील.

२९ नोव्हेंबर

आजचा दिवस वहीत मोठ्या अक्षरात लिहायला हवा.

छापायचं कशावर, हा प्रश्न होता. फोटो पेपरवर छापून पाहिलं, मोठे चौकोन फार गुळगुळीत आणि लबाड दिसतात. कृषी केंद्रात बिल काढायला उभा होतो. ५८ मिलिमीटरच्या रोलवर बिल सरसर बाहेर आलं आणि लक्षात आलं की गेम बॉयचा प्रिंटरही असाच होता, शाईविना, तापवून छापणारा. मालकाला विचारून यंत्राच्या पाठीवरचं लेबल वाचलं. ओळीत ३८४ ठिपके.

३८४ म्हणजे १२८ त्रिक. पूर्ण भाग जातो.

कॅमेऱ्याच्या एका ठिपक्याला प्रिंटरचे तीन बाय तीन, नऊ ठिपके. काही कापायचं नाही, काही ताणायचं नाही. पांढऱ्याला शून्य, काळ्याला नऊ. फिक्याला तीन आणि गडदला सहा दिले, पण कागद तापला की ठिपका पसरतो आणि सहाचं काळंच दिसतं. गडद पाचावर आणला, फिका दोनावर. फिक्याचे दोन ठिपके तिरके ठेवले तर साडीच्या विणीसारखी रेघ उमटते, शेजारी ठेवले तर नुसते डाग. तिरकेच ठेवले. फोटो ४८ मिलिमीटर रुंद, ४२ उंच. आगपेटीपेक्षा जरासा मोठा. यंत्र रविवारी दुकान बंद असताना वापरायचं, रोल माझा, असं ठरलं.

४ डिसेंबर

काल शेजारच्या गावी नाटक होतं. आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, भाऊबीजेपासून होळीपर्यंत रात्री अशाच जातात. वडशाची नाटक मंडळी, तिकीट खिडकी, मांडवात तणस अंथरून माणसं, आणि पडदा पडेस्तोवर पहाट. कॅमेरा घेऊन गेलो. या गेम बॉयच्या पडद्यामागे दिवा नसतो, अंधारात काय धरतोय तेच दिसत नाही. बॅटरी स्क्रीनवर धरली तर पुढच्या रांगेतून "ए, बंद कर ना बे" आलं. उजेड कमी झाला की हा कॅमेरा एका फोटोला सेकंदभर घेतो, तेवढ्यात नायक दोनदा मेला.

फोटो नाहीच, पण मध्यंतरात लाईटवाल्याशी गप्पा झाल्या. त्याच्याकडे दिव्यांपुढे लावायच्या रंगीत जिलेटीनच्या कात्रणांची पिशवी असते. लाल, हिरवा, निळा, पोस्टकार्डाएवढा एकेक तुकडा मागितला. "कायले पायजे?" रंगीत फोटो काढायचा आहे, म्हटलं. त्यानं माझ्या हातातला राखाडी स्क्रीन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तुकडे दिले.

७ डिसेंबर

रीत जुनी आहे. एकाच जागेचा एक फोटो लाल काचेतून, एक हिरव्यातून, एक निळ्यातून. तिन्ही राखाडी. नंतर लालवाल्याला लाल रंग, हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा देऊन एकावर एक ठेवायचे. शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये चौकड्याच्या फितीचा फोटो असाच पडद्यावर उजळून दाखवला होता. आपल्याकडे प्रत्येकी चार छटा, म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट रंग. भरपूर झाले.

कॅमेरा तिवईला कापडी पट्टीनं बांधला. समोर वाळत घातलेलं लाल लुगडं, चिंचेचं झाड, आभाळ. तीन फोटो, तीन जिलेटीन.

आलं काय? सगळं दुधात बुडवल्यासारखं. लुगडं गुलाबीसर, झाड पांढुरकं. चिंच पांढुरकी! तिन्ही फोटो शेजारी ठेवले तर झाड तिन्हींत सारखंच उजळ. हिरव्यातून उजळ समजू शकतो, लालमधून का?

रात्री टीव्ही पाहताना हात रिमोटवर गेला आणि उत्तर तिथंच होतं. रिमोटचं तोंड पिवळ्या डोळ्याकडे केलं, बटण दाबलं. स्क्रीनवर पांढरा दिवा लागला. आपल्याला न दिसणारा तांबड्याच्या पलीकडचा उजेड, अवरक्त, याला दिसतो. झाडाचं पान तो उजेड बराचसा परत फेकतं आणि जिलेटीन, कोणत्याही रंगाचं असो, तो आरपार सोडतं. म्हणून तिन्ही फोटोंत तीच पांढरी पानं. चांगल्या कॅमेऱ्यात हा उजेड अडवायला चिपपुढे एक निळसर काच बसवतात. या खेळण्यात कोण बसवणार?

मॅक्सवेल यांच्याही फोटोत असाच चोर घुसला होता म्हणे. त्यांच्या फोटोच्या काचेला लाल उजेड कळतच नव्हता, तरी लाल उमटला. पुढे शंभर वर्षांनी उलगडलं की फितीच्या लाल रंगातून अतिनील किरण परत येत होते आणि लाल काचेतून पार होत होते. त्यांच्याकडे निळ्याच्या पलीकडचा, माझ्याकडे लालच्या पलीकडचा.

८ डिसेंबर

दुकानात एक मेलेला डिजिटल कॅमेरा पडून होता, २००८ च्या आसपासचा. निळसर काच त्यातच असणार. उघडण्याआधी चालू होतो का म्हणून सेल घातले, फ्लॅशचा दिवा लुकलुकला, बंद पडला. मग सेल काढून पेचकस घातला आणि कोपरापर्यंत झणका. फ्लॅशचा कपॅसिटर भरून बसला होता, तीनशे व्होल्टच्या घरात. पंचवीस वर्षं फ्लॅश हाताळणाऱ्या माणसानं असं करू नये. पंधरा मिनिटं हात चोळत बसलो. बायकोला सांगितलं नाही, पण पेचकस खोलीच्या दुसऱ्या टोकाला का पडला हे तिनं विचारलंच.

काच निघाली, नखाएवढी. पिवळ्या डोळ्याला एवढी पुरते. बाटलीच्या बुचाला भोक पाडून त्यात बसवली, वर जिलेटीन.

लुगडं लाल आलं. चिंच हिरवी आली. आभाळ निळं. रंग लहान मुलाच्या पेटीतले, पण जागच्या जागी.

१५ डिसेंबर

रंगाचा खेळ आठवडाभर. जे हलतं ते फुटतं, ही यातली मजा. तीन फोटोंमध्ये दहा-बारा सेकंद जातात. बैल गव्हाणीशी उभा, अंग स्थिर, पण शेपटी तीन वेळा तीन जागी. फोटोत बैलाला एक लाल, एक हिरवी, एक निळी शेपटी. चुलीचा धूर तर इंद्रधनुष्य झाला. मळणी यंत्राजवळचा भुसाही तसाच. यंत्र करडं, आणि त्याच्या तोंडातून रंगीत गुलाल.

रंगीत फोटो बिलाच्या कागदावर छापता येत नाही, आणि एकाला तीन जागा लागतात. भिंतीसाठी काळेपांढरेच. रंगीत तेवढे लॅपटॉपवर दाखवीन.

१९ डिसेंबर

काच लावून तो उजेड अडवला. आता उलट, बाकीचं सगळं अडवून तेवढाच घ्यायचा.

त्यासाठी लागणारी गाळणी माझ्या माळ्यावर वीस वर्षं पडून आहे. रोल कॅमेऱ्यात भरताना त्याच्या पहिल्या टोकाला उजेड लागतो. धुतल्यावर ते टोक काळं मिट्ट होतं आणि कापून फेकायचं असतं. मी फेकलं नाही, मी काहीच फेकत नाही. आधी एक कृष्णधवल निगेटिव्ह लावली, स्क्रीन काळी. त्या फिल्ममध्ये चांदी उरते, ती सगळाच उजेड अडवते. रंगीत रोलचं टोक लावलं, दुहेरी घडी करून, आणि स्क्रीन उजळली. रंगीत फिल्ममधली चांदी धुण्यात निघून जाते, उरतात नुसते रंग, आणि रंगांना अवरक्त अडवता येत नाही. माझ्या डोळ्यापुढे धरलं तर डांबर.

दुपारी मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यावर, गेलो. मधल्या उन्हात काही मिळत नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडतो. या टोकातून बारा वाजताच सगळ्यात चांगलं. पाणी काळं, पाळीवरचं मोहाचं झाड पांढरं, काठची बेशरमीची झुडपं पांढरी फटक, जणू रात्री दंव गोठलं. आमच्याकडे बेशरमीचा फोटो कोण काढतो? दोन जागा तिला दिल्या.

२२ डिसेंबर

मोठीमाय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, अंगणात ऊन खात बसली होती. कॅमेरा तिवईवर, निगेटिव्हचं टोक लावलेलंच. म्हटलं, तिचा एक काढू.

स्क्रीनमध्ये तिचा चेहरा ओळखू येईना. सुरकुत्या गेलेल्या, कातडी दुधासारखी, डोळे काळे. आणि मांडीवर ठेवलेल्या हातावर काहीतरी काळं. मी काचेवर केर आहे समजून फुंकर मारली. केर हलला नाही. हात हलला तसा तो हलला.

गोंदण. मनगटापासून कोपरापर्यंत. मला तिच्या हातावर आजवर एक निळसर-काळपट डाग दिसत आला आहे, उन्हातान्हानं रापलेल्या कातडीत मिसळलेला. काय आहे हे मी कधी विचारलंही नव्हतं. आता स्क्रीनवर ठिपक्यांची ओळ, ओळीच्या वर तुळस, तिच्याखाली विंचू. कातडीतला काळपटपणा या उजेडाला फारसा अडवत नाही, पण गोंदण काजळीचं, आणि काजळी म्हणजे कोळसा. तो या उजेडातही काळाच राहतो. कातडी मागे सरली, कोळसा पुढे आला.

जवळून घ्यायला गेलो तर धूसर. याची नजर ठरलेली, फिरवायला काही नाही. सोनाराकडून भिंग मागून आणलं आणि डोळ्यापुढे धरलं, पाच बोटांच्या अंतरावर. हात पाटावर ठेवायला सांगितला. अकरा फोटो काढले. तिचा हात थरथरतो, त्यातले नऊ गेले. एकात विंचू पूर्ण आला, पुढचे दोन चिमटे, आठ पाय, आणि शेपूट डावीकडे मोडल्यासारखी.

रविवारच होता. कृषी केंद्रात जाऊन छापून आणला. तिला चष्मा लावून दिला. कागद उलटा धरला, सुलटा केला, मग स्वतःचा हात शेजारी ठेवला आणि हातावर बोट फिरवलं, जिथं मला अजूनही डागच दिसत होता.

"शेपूट वाकडी हाय," ती म्हणाली.

"हो, तशीच आली."

"आली नाई, झाली. मी हात वढला. मंडईत गोंदनारीन बसली होती, मायनं सूपभर धान देल्ले. मी सात-आठ वर्साची. शेपटीवर आली अन् मी हात वढला. माय म्हने, आता हा इंचू चावनार नाई, याची नांगी मोडली."

मग तिनं दुसरा हात पुढे केला. "यावरचं पाय बरं. मले आता दिसत नाई, का होतं ते."

त्या हातावर काय आहे ते वहीत लिहीत नाही. तिनं फोटो भिंतीवर लावू नको सांगितलं. एक प्रत तिला, आणि फाईल पुसली.

५ जानेवारी २०२५

आठवडाभर निवड. तीस जागा भरल्यावर एकतिसावा काढायचा तर एक पुसावा लागतो, आणि हाताशी लॅपटॉपवर प्रती असूनही पुसताना बोट अडतं. भिंतीसाठी तीस म्हणजे तीस, लॅपटॉपवरचे जादा धरायचे नाहीत असं ठरवलंय. लग्नाचे आठशे फोटो मी एका बैठकीत निवडतो.

बादच झाले ते: सूर्यास्त (सगळे), लांबून घेतलेली माणसांची गर्दी, मंदिराचं शिखर. राहिले ते: पुन्हा काढलेली कळशी, बंडीचं चाक, काकाजींचं रिकामं खळं, खरेदी केंद्रापुढे पोत्यांच्या रांगेवर झोपलेला माणूस, बेशरम दोनदा, विंचू. मोठीमायनं विंचवाला परवानगी दिली, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे म्हणाली.

१२ जानेवारी

आज पट. बैलजोड्या सकाळपासून, रात्री नाटक. चहाच्या टपरीच्या ताडपत्रीवर तीस कागद टाचणीनं लावले, वर दोरीला सोनाराचं भिंग टांगलं. कोणाचंही नाव लिहिलं नाही.

पहिला तासभर पोरांनी भिंगाशी खेळण्यात घालवला. मग दोन म्हातारे आले आणि खेळ लागला, कोण कोणाला ओळखतो. चेहरा एकाही फोटोत धड नाही. तरी पोत्यांवर झोपलेला माणूस तिघांनी नावासकट सांगितला, गुडघा दुमडून झोपायच्या पद्धतीवरून. पाठमोरी बाई तिच्या सुनेनं सांगितली, "पदर असा खोचनारी गावात एकच." मी लग्नात ज्यांचे डाग पुसून, गोरं करून अल्बम दिले ते लोक स्वतःचा ठिपक्यांचा फोटो शोधत होते आणि सापडला की ओरडत होते. एकानं विचारलं, हाच माझ्या पोराच्या लग्नात आणशील का? हो म्हटलं. बायकोनं मागून चिमटा काढला.

विंचवासमोर बाया थांबल्या. कोणीतरी बाही वर केली, मग दुसरीनं. रात्री नाटक सुरू होईपर्यंत सात जणींची नावं वहीत आली आहेत, ऊन असताना या म्हणून सांगितलं. निगेटिव्हची टोकं अजून डबाभर आहेत.

१९ जानेवारी

मोठीमायचा नातू आला. तिचा विंचू काळा झाला. तिनं तो चुलीच्या वरच्या फळीवर देवाशेजारी ठेवला होता. हा कागद तापूनच छापतो, ऊब लागली की उरलेला कागदही छापून टाकतो. सगळा ४८ बाय ४२ मिलिमीटरचा चौकोन काळा ठिक्कर.

दुसरा छापून दिला, देव हलव नाहीतर विंचू हलव असा निरोप पाठवला. नातू संध्याकाळी परत आला. ती म्हणते, जुनाही परत दे, तो पण ठेवायचा आहे.